गर्भनिरोधक गोळ्यांचे दुष्परिणाम : काय खरं, काय ऐकीव



नागपुरात ‘मेडिकल’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे मेडिकल चौकातलं सरकारी रुग्णालय आणि दुसरा म्हणजे औषधाचं दुकान. धंतोलीत हा दुसऱ्या अर्थाचा मेडिकल दर चार पावलांवर सापडतो, कारण इथे गल्लीगल्लीत दवाखाने आहेत. वर्धा, भंडारा, यवतमाळपासून ते छिंदवाडा, बालाघाटपर्यंतचे पेशंट इथे येतात. अशा कुठल्याही दुकानासमोर दहा मिनिटं उभं राहिलात तर एक गोष्ट लक्षात येईल. तापाची, पित्ताची, शुगरची गोळी लोक मोठ्याने मागतात. पण एक गोळी मात्र आवाज खाली करून मागितली जाते, ‘ती गोळी द्या ना’ असं म्हणत. दुकानदारही मग ती खाकी पाकिटात घालून देतो. त्या पाकिटात नेमकी कोणती गोळी गेली, ती कशी घ्यायची, त्रास झाला तर काय करायचं, हे विचारायला कोणी थांबत नाही.

आज त्या गोळीविषयी मोकळेपणाने लिहायचं आहे. बारावीच्या जीवशास्त्रात हा भाग आहे. आपण तो बऱ्याचदा ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून देतो. मुलं मग मोबाइलवर वाचतात आणि मुलींच्या आया शेजारणीला विचारतात. मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. त्यामुळे कोणी कोणती गोळी घ्यावी हे सांगणं माझं काम नाही. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं आणि काय सांगायचं, एवढं तरी आपल्याला माहीत असायला हवं.

‘ती गोळी’ म्हणजे नेमकी कोणती?

सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. बोलताना एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गोळ्या खरं तर चार वेगवेगळ्या प्रकारच्या आहेत.

पहिली रोज घ्यायची गर्भनिरोधक गोळी, म्हणजे माला-डी, माला-एन आणि खाजगी कंपन्यांच्या तशाच गोळ्या. दुसरी संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी. तिसरी पाळी पुढे ढकलायची गोळी. ती गर्भनिरोधक म्हणून दिलेलीच नसते, तरी लोक तिला त्याच रांगेत बसवतात. आणि चौथी गर्भपाताची गोळी. हिचा बाकी तिघींशी काहीही संबंध नाही. ती १९७१ च्या गर्भपात कायद्याखाली येते आणि नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नऊ आठवड्यांपर्यंतच द्यायची असते. ती परस्पर दुकानातून आणून घेतल्यावर झालेला भयंकर रक्तस्राव पुढे ‘गर्भनिरोधक गोळीने असं झालं’ या नावाने गावभर सांगितला जातो. मग ज्या बाईला साधी माला-एन घ्यायची होती तीही घाबरून बसते.

म्हणून कुणी ‘गोळीने त्रास झाला’ असं सांगितलं की आपला पहिला प्रश्न ‘कोणत्या गोळीने?’ हाच असायला हवा.

गोळी काम कशी करते

थोडक्यात सांगते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी दर महिन्याला बीजकोशाला निरोप पाठवते, ‘बीज तयार कर, बाहेर सोड’. गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखी दोन संप्रेरकं असतात. ती रक्तात आली की पीयूषिकेला वाटतं काम झालेलं आहे, आणि ती निरोप पाठवत नाही. बीज सुटलं नाही तर गर्भ राहायचा प्रश्न नाही. शिवाय गर्भाशयाच्या मुखाजवळचा स्राव घट्ट होतो.

माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ संप्रेरकाच्या आणि ७ लोहाच्या, म्हणजे रक्तवाढीच्या. त्या सात दिवसांत पाळीसारखा रक्तस्राव होतो. लोहामुळे शौचाला काळसर होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता दुष्परिणाम का होतात तेही यातच आलं. संप्रेरक रक्तातून फिरतं, आणि रक्त काही फक्त बीजकोशातच जात नाही. ते स्तनात जातं, यकृतात जातं, त्वचेत जातं, मेंदूत जातं. जिथे जिथे त्या संप्रेरकाला ‘ऐकणाऱ्या’ पेशी आहेत तिथे तिथे थोडाफार परिणाम होणार.

थोडा इतिहास, कारण तो आपल्याकडचाही आहे

संततिनियमन हा विषय महाराष्ट्रात एका गणिताच्या प्राध्यापकाने उघडपणे मांडला, हे आपण शिक्षकांनी विसरू नये. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच साली इकडे नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी मातृसेवा संघ सुरू केला, सुरक्षित बाळंतपणासाठी. कर्व्यांना या कामापायी विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ मध्ये वारेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, खटले सोसले. एका खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. पण कर्व्यांच्या हयातीत गोळी आलीच नाही. त्यांच्या हातात रबरी साधनं आणि शब्द एवढंच होतं.

गोळीसाठी धडपडणाऱ्या अमेरिकेच्या मार्गारेट सँगर डिसेंबर १९३५ मध्ये आपल्या शेजारी वर्ध्याला येऊन गेल्या, गांधीजींना भेटायला. गांधीजींना कृत्रिम साधनं मान्य नव्हती. त्यांचा भर संयमावर होता. दोघांची चर्चा झाली, एकमत झालं नाही. पुढे १९५० च्या दशकात याच सँगरबाईंच्या पुढाकाराने ग्रेगरी पिंकस या शास्त्रज्ञाने गोळीचं संशोधन केलं, आणि १९६० साली अमेरिकेत ‘एनोव्हिड’ ही पहिली गोळी गर्भनिरोधक म्हणून मंजूर झाली.

दुष्परिणामांची गोष्ट मात्र त्याच्या आधीपासूनची आहे. १९५६ साली प्वेर्तो रिको बेटावरच्या गरीब वस्तीत या गोळीच्या चाचण्या झाल्या. तिथल्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी कळवलं की गोळी गर्भ रोखते, यात शंका नाही, पण १७ टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, पोटदुखी, उलट्या होतात, आणि हे प्रमाण सर्वांना चालेल असं नाही. त्यांचं म्हणणं फारसं मनावर घेतलं गेलं नाही. १९६१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात गोळी घेणाऱ्या एका नर्सला रक्ताची गुठळी झाल्याची नोंद आली. मग तशा नोंदी वाढत गेल्या. १९७० मध्ये अमेरिकन सिनेटमध्ये सुनावणी झाली. तिथे तज्ज्ञ बोलत होते, पण गोळी घेणाऱ्या एकाही बाईला साक्षीला बोलावलं नव्हतं. प्रेक्षकांत बसलेल्या बायकाच मग उभ्या राहून विचारू लागल्या की आम्हाला हे का सांगितलं नाही. त्याचा परिणाम म्हणून पाकिटात दुष्परिणामांची माहिती देणारा कागद घालणं सक्तीचं झालं.

आपण पाकीट उघडल्या उघडल्या जो घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद कचऱ्यात टाकतो ना, तो असा भांडून मिळवलेला आहे.

एक फरक लक्षात घ्या. त्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेनच्या जातीचं औषध १५० मायक्रोग्रॅम होतं. आज माला-एनमध्ये ते ३० मायक्रोग्रॅम आहे. दुसऱ्या संप्रेरकाचं प्रमाणही जवळजवळ १० मिलिग्रॅमवरून ०.१५ मिलिग्रॅमवर आलं, अर्थात औषध बदललं, जास्त प्रभावी झालं. आजी-मावशींकडून ऐकलेले काही अनुभव त्या जुन्या, जड गोळ्यांचे असू शकतात. ते खोटे नसतात, पण आजच्या गोळीला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

नेहमी होणारे, पण सहसा ओसरणारे त्रास

मळमळ, डोकं दुखणं, स्तन जड होणं किंवा दुखणं, मधेच कपड्यांवर डाग पडणं, पाळीत अंगावरून कमी जाणं. हे त्रास पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिसतात आणि शरीराला सवय झाली की बहुतेकींचे कमी होतात. मळमळीसाठी गोळी रात्री जेवणानंतर घेतली की बराच फरक पडतो. मधले डाग दिसले म्हणून गोळी बंद केली तर उलट जास्त जातं. नियमित वेळेला घेत राहणं हाच त्यावरचा पहिला उपाय आहे. तीन महिन्यांनंतरही डाग थांबले नाहीत तर दाखवायला जावं.

वजनाबद्दल सगळ्याच विचारतात. आजवरच्या अभ्यासांत या गोळ्यांनी वजन फार वाढतं असं सिद्ध झालेलं नाही. काहींना पाणी साठून थोडं फुगल्यासारखं वाटतं. पण वीस ते तीस या वयात लग्न, बाळंतपण, बदललेलं जेवण यामुळे वजन वाढतंच, आणि दोष मात्र गोळीच्या माथी जातो.

चेहऱ्यावर वांग येणं हा मात्र खरा दुष्परिणाम आहे, आणि नागपूरकरांसाठी जरा जास्तच. इस्ट्रोजेन आणि कडक ऊन एकत्र आलं की गालांवर, कपाळावर तपकिरी डाग गडद होतात. मे महिन्यात ४५ अंशांत गाडीवर फिरणाऱ्या आपल्या मुली तोंडाला स्कार्फ बांधतात, ती सवय इथे कामी येते. वांग दिसायला लागले तर डॉक्टरांना सांगावं, गोळी बदलता येते. उलट मुरमं मात्र अनेकींची कमी होतात.

‘गोळी उष्ण पडते’ असंही आपल्याकडे म्हणतात आणि उन्हाळ्यात ती बंद करतात. उष्ण-थंड या हिशेबाला इथे आधार नाही. पण मधेच बंद करायला गर्भ राहण्याचा आधार नक्की आहे.

मनाचा प्रश्न जरा वेगळा ठेवते. डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासून २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संप्रेरकाची साधनं वापरणाऱ्यांमध्ये, विशेषतः किशोरवयीन मुलींमध्ये, नैराश्यावरची औषधं सुरू होण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. गोळीमुळेच तसं झालं हे त्यातून सिद्ध होत नाही. तरी गोळी सुरू केल्यावर मुलगी किंवा बायको सतत रडवेली, चिडचिडी, उदास वाटत असेल तर ‘नाटकं करते’ म्हणू नका. ही तक्रारही मळमळीइतकीच खरी असू शकते आणि ती डॉक्टरांना सांगायची असते.

गुठळी, आणि ‘दुप्पट’ या शब्दाचं गणित

गोळीचा सगळ्यात गंभीर दुष्परिणाम म्हणजे रक्ताची गुठळी. इस्ट्रोजेनमुळे यकृतात रक्त गोठवणारे घटक थोडे जास्त तयार होतात. गुठळी सहसा पायाच्या खोल शिरेत होते आणि तिथून सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं.

हे किती जणींना होतं? युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१३ मध्ये दिलेला अंदाज असा : गोळी न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांमध्ये वर्षाला साधारण २ जणींना गुठळी होते. माला-एनसारखी लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७ जणींना. ड्रोस्पिरेनोन, डेसोजेस्ट्रेल असलेल्या नव्या गोळ्या घेणाऱ्यांत ९ ते १२ जणींना. म्हणजे महाग आणि नवी गोळी ती जास्त सुरक्षित, हा समज इथे चालत नाही.

आता दुसरी बाजू. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांच्या हिशेबात गरोदरपणात हाच आकडा १०,००० मागे ५ ते २० आहे, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत ४० ते ६५. ज्या गरोदरपणापासून गोळी वाचवते, त्यातच गुठळीचा धोका गोळीहून जास्त असतो.

हे गणित न समजल्याने काय होतं याचं उदाहरण मी नववी-दहावीला शेकडेवारी शिकवताना देते. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये जाहीर झालं की काही नव्या गोळ्यांनी गुठळीचा धोका ‘दुप्पट’ होतो. बातमी वाऱ्यासारखी पसरली, हजारो बायकांनी पाकीट अर्ध्यावर सोडलं. प्रत्यक्षात ७,००० मागे १ चे २ झाले होते. दुप्पट हे खरं, पण वाढ ७,००० मध्ये एकीची. त्यानंतरच्या वर्षात इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. म्हणून मुलांना सांगते, ‘दुप्पट’, ‘तिप्पट’ वाचलं की लगेच विचारायचं : कशाच्या दुप्पट?

पण ही झाली सगळ्यांची सरासरी. काहींसाठी हा धोका मुळातच मोठा असतो, आणि त्यांनी इस्ट्रोजेन असलेली गोळी टाळायला हवी. वय ३५ च्या वर आणि धूम्रपान, रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त, आधी कधी गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकार झालेला, ज्या अर्धशिशीत डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर नागमोडी रेषा, काजवे चमकतात ती, यकृताचा गंभीर आजार, स्तनाचा कर्करोग, आणि बाळंतपणाला सहा आठवडे न झालेल्या, किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं असून अंगावर पीत असेल अशा आया. मोठं ऑपरेशन ठरलं असेल किंवा पायाला प्लास्टर घालून पडून राहायचं असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. तंबाखू, खर्रा खाणाऱ्या बायका ‘आम्ही कुठे सिगारेट ओढतो’ म्हणून गप्प बसतात. तेही सांगावं.

आपल्या विदर्भासाठी एक खास गोष्ट. सिकलसेल आपल्याला नवीन नाही, आपल्या वर्गातही अशा मुली असतात. या आजारात गुठळ्यांचा धोका आधीच जास्त असतो. सिकलसेलग्रस्त स्त्रियांनी इस्ट्रोजेन असलेली गोळी घेऊ नये, असं अमेरिकेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यांच्यासाठी इस्ट्रोजेन नसलेली साधनं आहेत. म्हणून घरात सिकलसेल असेल तर ते न विचारताही सांगा.

आणि ही लक्षणं पाठ असू द्या. एकाच पायाची पोटरी दुखणं आणि सुजणं, अचानक धाप लागणं किंवा छातीत दुखणं, कधी नव्हे असं भयंकर डोकं दुखणं, नजर धूसर होणं किंवा बोलणं अडखळणं, पोटात असह्य कळ. यातलं काही झालं तर गोळी बंद करून त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, दवाखान्यात जायचं आणि ‘मी या गोळ्या घेते’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं. सासूबाई सोबत आहेत म्हणून ते लपवलं तर डॉक्टर भलत्याच दिशेने शोधत बसतील.

कर्करोग होतो का?

दोन्ही बाजूंनी उत्तर आहे. बीजकोशाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होण्याची शक्यता गोळीने कमी होते, आणि हा फायदा गोळी सोडल्यावरही बरीच वर्षं टिकतो. स्तनाच्या कर्करोगाची शक्यता गोळी घेत असताना थोडी वाढते. डेन्मार्कच्या २०१७ च्या अभ्यासानुसार वर्षाला सुमारे ७,७०० स्त्रियांमागे एक जास्त. सोडल्यावर ती हळूहळू कमी होते. पाच वर्षांहून जास्त काळ घेतल्यास गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शक्यताही किंचित वाढते, त्यासाठी तपासणी करून घेत राहावी. ‘पुढे मूलच होत नाही’ ही भीती मात्र खरी नाही. गोळी थांबवल्यावर बीज सुटणं पुन्हा सुरू होतं.

महालक्ष्म्या आल्या की…

आता त्या तिसऱ्या गोळीकडे येते, कारण आपल्याकडे खरा निष्काळजीपणा तिथे होतो.

भाद्रपदात विदर्भात घरोघरी महालक्ष्म्या बसतात. तीन दिवस सोवळं, पुरण, सोळा भाज्या, आंबील, पाहुणे. सुनेची किंवा सासूची तारीख नेमकी त्यातच येणार असेल तर आठवडाभर आधी कुणीतरी मेडिकलमधून ‘पुढे ढकलायच्या’ गोळ्या आणतं. लग्न, मुंज, सत्यनारायण, तीर्थयात्रा आणि हल्ली मुलींच्या परीक्षा, सगळ्यांना हाच उपाय.

या गोळीत नॉरएथिस्टेरॉन असतं. डॉक्टर ती साधारणपणे ५ मिलिग्रॅमची, दिवसातून तीनदा, पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून देतात. थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. ‘यात इस्ट्रोजेन नाही, म्हणजे गुठळीची भीती नाही’ असं वाटू शकतं. पण शरीरात नॉरएथिस्टेरॉनचा छोटा भाग इस्ट्रोजेनमध्येच बदलतो. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम घेतल्यावर त्याचा परिणाम २० ते ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनच्या गोळीएवढा होऊ शकतो. म्हणजे वर दिलेली न घेणाऱ्यांची सगळी यादी इथेही बघायला हवी. अर्धशिशी असलेली, बीपी असलेली, आधी पायात गुठळी झालेली बाई ही गोळी आपली आपण घेऊन मोकळी होते, कारण ‘चार दिवसांचा तर प्रश्न आहे’. शिवाय मळमळ, पोट फुगणं, डोकं दुखणं, आणि पुढची पाळी जास्त अंगावरून जाणं हे त्रास आहेतच. आणि या गोळ्या चालू असताना गर्भ राहणार नाही, असं धरून चालू नये.

एक जण वर्षातून एकदा डॉक्टरांना विचारून घेते आणि दुसरी दर सणाला दुकानदाराला विचारून घेते, यात फार फरक आहे. मला स्वतःला वाटतं की त्या तीन दिवसांचा स्वयंपाक घरातल्या इतरांनी वाटून घेतला तर निम्म्या गोळ्या लागणारच नाहीत. पण हा प्रत्येक घराचा प्रश्न आहे. निदान परीक्षेसाठी म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला परस्पर ही गोळी देऊ नका. तिला परीक्षा केंद्रावर पॅड आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह मिळालं तर ते जास्त उपयोगाचं आहे, आणि ते पाहणं आपलं, शाळेचं काम आहे.

मुलीला डॉक्टरांनी हीच गोळी दिली तर?

पालक सभेनंतर थांबून आया जो प्रश्न हळूच विचारतात तो हा : ‘मॅडम, पोरीला पीसीओडी निघालं. डॉक्टरांनी ज्या गोळ्या दिल्या त्या नेटवर पाहिल्या तर गर्भनिरोधक निघाल्या. आता काय करायचं? लग्नाआधीच?’

बाई, घाबरू नका. पाळी अनियमित असणं, अंगावरून फार जाऊन रक्त कमी होणं, पाळीत असह्य दुखणं, यावर हीच संप्रेरकं औषध म्हणून दिली जातात. १९५७ साली अमेरिकेत पहिल्या गोळीला मंजुरी मिळाली तीदेखील पाळीच्या तक्रारींसाठीच, गर्भनिरोधक म्हणून नव्हे. मुलीच्या दप्तरात ते पाकीट दिसलं म्हणून शिक्षकांनी भलता अर्थ काढू नये, हे आपल्या स्टाफरूमसाठी सांगते. आणि आयांनी अर्धा कोर्स झाल्यावर गुपचूप बंद करू नये. पहिल्या काही महिन्यांत गुठळीची शक्यता सर्वांत जास्त असते, आणि महिनाभर खंड पाडून पुन्हा सुरू केलं की तो ‘पहिला काळ’ पुन्हा येतो. शंका असेल तर डॉक्टरांना थेट विचारा की ही गोळी का, किती महिने, यात कोणतं संप्रेरक आहे, घरात कुणाला गुठळी झाली होती ते सांगायला हवं का.

काही सुटे मुद्दे

टीबीचं औषध चालू असेल तर नीट वाचा. ज्या औषधाने लघवी नारिंगी होते ते रिफॅम्पिसिन. ते गर्भनिरोधक गोळीला यकृतात लवकर संपवून टाकतं. गोळी रोज घेऊनही दिवस जाऊ शकतात. टीबीच्या नेहमीच्या सहा महिन्यांच्या उपचारात हे औषध शेवटपर्यंत असतं. तेवढा काळ आणि नंतरचा एक महिना दुसरं साधन वापरावं. फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बमाझेपिन ही औषधंही असंच करतात. सर्दी-खोकल्याला दिलेली साधी अँटिबायोटिक्स मात्र असं करत नाहीत.

गोळी अगदी नियमित घेतली तर वर्षभरात हजारात तिघींनाच दिवस जातात. पण प्रत्यक्षात विसरणं होतंच, आणि तो आकडा शंभरात सातवर जातो. एक गोळी विसरली तर आठवल्याबरोबर घ्या, दुसरी नेहमीच्या वेळेला. दोन किंवा जास्त विसरल्या तर आठवल्याबरोबर एक घेऊन पुढे चालू ठेवा आणि सात दिवस निरोधही वापरा.

७२ तासांची गोळी आपल्याकडे २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. जितकी लवकर घ्याल तितकी ती चांगली लागू पडते. मळमळ, उलटी, पुढची पाळी मागेपुढे होणं हे तिचे नेहमीचे परिणाम. घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर तपासणी करावी. ही गोळी अडीअडचणीची आहे. महिन्यातून चारदा घेतली तर पाळीचं वेळापत्रक पार विस्कटतं, आणि रोजच्या गोळीइतकं संरक्षणही मिळत नाही.

ज्यांना संप्रेरकच नको त्यांच्यासाठी आपल्याच देशात, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली एक गोळी आहे. १९९१ मध्ये ती ‘सहेली’ नावाने बाजारात आली, आता सरकारी कार्यक्रमात ‘छाया’ नावाने मोफत मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. त्यामुळे मळमळ वगैरे फारशी होत नाही, पण पाळी लांबते. लांबली की दिवस गेले असं वाटून बायका घाबरतात, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं. कावीळ, यकृताचा आजार किंवा पीसीओडी असणाऱ्यांना ही देत नाहीत.

माला-एन आणि छाया मिळवण्यासाठी धंतोलीतल्या मोठ्या दवाखान्याची फी भरायची गरज नाही. आशाताईंकडे, महापालिकेच्या आरोग्य केंद्रात, डागा, मेयो आणि मेडिकलमध्ये (हा पहिल्या अर्थाचा मेडिकल) त्या मोफत मिळतात. तिथे बीपी मोजून घ्यायला सांगा. गोळी सुरू करण्याआधी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा. पाकिटातला तो घडीचा कागद इंग्रजीत असेल तर घरी आणा, आपल्या दहावीच्या मुलीकडून वाचून घ्या.